मीठ किती खाता, हा प्रश्न सगळ्यात शेवटी

घरभेटी देणाऱ्या एका परिचारिकेचा प्रश्न आहे. हार्ट फेल्युअर असलेले, म्हणजे हृदयाचा पंप कमजोर पडलेले, आणि घरीच राहणारे बरेच रुग्ण त्यांच्याकडे आहेत. प्रत्येक जण छातीठोकपणे सांगतो, की मीठ अगदी नावाला खातो, पाणी मोजून पितो. तरी पाय सुजतात, तरी रुग्णालयाच्या फेऱ्या सुटत नाहीत. मग यांच्या खाण्यापिण्याच्या सवयी तपासायच्या कशा, आणि त्यासाठी एखादी बरी प्रश्नावली आहे का?

प्रश्नावल्या आहेत, त्यांच्याबद्दल पुढे सांगते. त्याआधी क्रमाबद्दल बोलायला हवं, कारण चूक बहुतेक वेळा तिथेच होते. आहारतज्ज्ञ म्हणून घरोघर जायला लागले तेव्हा मीसुद्धा उंबरठा ओलांडला की मिठाचीच चौकशी करायची. समोरचा माणूस लगेच सावध व्हायचा आणि पाठ केलेलं उत्तर द्यायचा. आता मीठ शेवटी येतं. पहिला प्रश्न असतो, पोटात जातंय किती?

हार्ट फेल्युअरमध्ये पाणी साठतं ते फक्त घोट्यांत नाही. यकृत फुगतं, आतड्यांच्या भिंतींना सूज येते, कधी पोटातही पाणी होतं. म्हणून चार घासांत पोट तट्ट होतं, मळमळतं, जेवणानंतर दम लागतो. चावणं, गिळणं आणि श्वास घेणं या तिन्ही गोष्टी एका वेळी करणं हीच काहींना मेहनत वाटते. त्यात लघवीच्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाचं प्रमाण रक्तात वाढलं तर अन्नावरची वासनाच जाते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर भूक आणखी मंदावू शकते. आणि या सगळ्यावर आपण सांगून येतो, ‘मीठ बंद करा.’ अळणी जेवण ताटात तसंच राहतं. घरचे म्हणतात, वयच झालंय, आता इतकंच जेवणार. रुग्णालाही ते पटतं. आजाराचं लक्षण वयाच्या नावावर खपून जातं, आणि ते त्याच्याकडून आपणहून कधीच कळत नाही, विचारावं लागतं.

एक गृहस्थ आठवतात. वजनाची वही त्यांनी शाळकरी मुलासारखी नीटनेटकी ठेवली होती. सलग तीन महिने आकडा ६८ आणि ६९ च्या मध्ये. आधी येऊन गेलेल्यांनी शाबासकीच्या खुणाही केल्या होत्या. वही परत घेण्यासाठी त्यांनी हात पुढे केला आणि मनगटावरचं घड्याळ घसरून थेट कोपराच्या दिशेने गेलं. पट्ट्याला मूळ भोकांच्या पुढे खिळ्याने पाडलेली दोन नवी भोकं होती, तीही आता पुरत नव्हती. खाली पाहिलं तर सपातांचे पुढचे बंद कात्रीने कापलेले, कारण पाय आत मावत नव्हते. वरून मांस उतरत होतं, खालून पाणी चढत होतं, आणि काटा मधल्या मध्ये स्थिर! त्यांचा आहार विचारल्यावर कळलं की रात्रीचं जेवण दोन महिन्यांपूर्वीच सुटलं होतं. ‘जड होतं’ एवढंच कारण होतं. कुणी विचारलं नव्हतं म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं.

हे मी मुद्दाम सविस्तर लिहिते आहे, कारण या आजारात वजनाचा काटा एकटा वाचता येत नाही. सूज नसताना बारा महिन्यांत ५ टक्के किंवा त्याहून जास्त वजन उतरणं आणि सोबत अशक्तपणा, भूक मंदावणं, स्नायू झिजणं अशा खुणा दिसणं, याला कॅकेक्सिया म्हणतात आणि ती गंभीर गोष्ट आहे. ७० किलोच्या माणसात ५ टक्के म्हणजे साडेतीन किलो. तेवढं पाणी शरीरात साठायला फार दिवस लागत नाहीत, म्हणजे पूर्ण झीज पाण्याखाली झाकली जाऊ शकते. त्यामुळे आकड्याशेजारी सुजेची नोंद हवीच. घोट्यापर्यंत, पोटरीपर्यंत, की मांडीपर्यंत? मग कानशिलं खोल गेलीत का, गळ्याची हाडं वर आलीत का, दंड आणि मांड्या सैल पडल्यात का ते पाहावं. अंगठी, घड्याळ, कवळी यांच्याबद्दल विचारावं. कवळी सैल होणं हा वजन उतरल्याचा बोलका पुरावा असतो, आणि कवळी हलते म्हणून चावणं कमी, म्हणून खाणं आणखी कमी, असं एकातून एक निघत जातं.

मुठीची ताकद मोजायचं यंत्र जवळ असेल तर फारच उत्तम. वयस्कर पुरुषांत २७ किलोपेक्षा आणि स्त्रियांत १६ किलोपेक्षा कमी पकड म्हणजे स्नायू कमजोर झाल्याची शंका घ्यायची. यंत्र नसेल तर हातांचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठायला लावा. १५ सेकंदांहून जास्त लागले तर तोच संशय. अर्थात दमामुळे वेळ लागतोय की पायांत जोर नाही म्हणून, हे डोळ्यांनी ठरवावं लागतं. ज्याला बसल्या जागी धाप लागते त्याला हा प्रयोग सांगूच नका. रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनावरून पोषण ठरवण्याची सवय अजून अनेकांना आहे. पाणी साठलं, शरीरात दाह असला, यकृत त्रासात असलं तरी ते खाली येतं. त्यावरून ‘हा नीट जेवत नाही’ असा निष्कर्ष मी काढत नाही.

आता प्रश्नावल्या. भुकेसाठी मला एसएनएक्यू ही चार प्रश्नांची यादी आवडते. भूक कशी आहे, किती खाल्ल्यावर पोट भरतं, अन्नाला चव कशी लागते, दिवसातून किती वेळा जेवता. एकूण गुण ४ ते २० असतात. १४ किंवा कमी आले तर पुढच्या सहा महिन्यांत वजन उतरण्याचा धोका मोठा. दोन मिनिटांत होते आणि रुग्णाला परीक्षा दिल्यासारखं वाटत नाही. वयस्करांसाठी एमएनए या पोषण तपासणाऱ्या प्रश्नावलीची छोटी आवृत्ती चांगली आहे, सहा प्रश्न आणि १४ गुण. १२ किंवा जास्त ठीक, ८ ते ११ धोका, ७ किंवा कमी म्हणजे कुपोषण. पण तिच्यात उंची-वजनाचं गुणोत्तर धरतात, आणि ते जमत नसेल तर पोटरीचा घेर, ३१ सेंटिमीटरची रेघ. सुजलेली पोटरी ३१ च्या वर सहज जाते आणि उपाशी माणसाला त्या प्रश्नाचे पूर्ण गुण मिळतात. वजन आणि गुणोत्तरावर चालणाऱ्या इतर सगळ्या प्रश्नावल्यांनाही हीच खोट आहे. गुण लिहा, पण शेजारी ‘सूज आहे, गुण फसवे असू शकतात’ असंही लिहा.

हार्ट फेल्युअरच्या स्वतःच्या देखभालीसाठी बनवलेल्या प्रश्नावल्या वेगळ्या. युरोपात तयार झालेली नऊ प्रश्नांची यादी आणि एससीएचएफआय या त्यातल्या माहितीच्या. त्यांत कमी मिठाच्या आहाराबद्दल विचारलेलं असतं, पण उत्तर असतं ‘नेहमी’ ते ‘कधीच नाही’ किंवा ‘पूर्ण सहमत’ ते ‘अजिबात सहमत नाही’ अशा पट्टीवर. माणूस स्वतःला किती पथ्यकर समजतो ते त्यातून कळतं. ताटात काय होतं ते कळत नाही. डीएसआरक्यू नावाची एक प्रश्नावली मात्र थोड्या वेगळ्या अंगाने जाते. कमी मीठ खाण्याचा फायदा पटतो का, घरचे काय म्हणतात, आणि आड काय येतं, असं ती विचारते. पूर्ण भरून घ्यायला वेळ नसला तरी तिच्यातला ‘आड काय येतं’ हा भाग बोलता बोलता जरूर विचारा. चव येत नाही, बाहेर जेवावं लागतं, स्वयंपाक दुसऱ्याच्या हातात आहे, कमी मिठाचं म्हणजे काय तेच कळत नाही, ही चार उत्तरं चार वेगळे रस्ते दाखवतात.

पण खरं काम होतं ते कालच्या दिवसाच्या उजळणीत. चोवीस तासांत काय खाल्लं ते आठवून सांगायला लावायचं. ही पद्धत जुनी आणि भक्कम आहे, फक्त ती टप्प्याटप्प्याने करायला हवी. पहिल्या फेरीत ‘काल उठल्यापासून सांगा’ असं म्हणून गप्प बसायचं. मध्ये बोट घालायचं नाही, चेहऱ्यावर काही उमटू द्यायचं नाही. दुसऱ्या फेरीत विसरलेलं काढायचं. गोळ्या कशाबरोबर घेतल्या? रात्री उठलात तेव्हा तोंडात काही टाकलं? स्वयंपाक करताना चव पाहिली? कुणी आलं होतं का? तिसऱ्या फेरीत वेळ आणि जागा, टेबलाशी की पलंगावर, एकटे की सोबत. मग प्रमाण. इथे त्यांच्याच घरातली भांडी समोर आणायला सांगा. ‘एक वाटी’ म्हणजे कुणाची मूठभर तर कुणाची चांगली खोलगट. त्याच भांड्यात पाणी ओतून मापाने मोजा, एकदाच करावं लागतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ताटात उरलं किती? वाढलेलं सगळे सांगतात, उरलेलं कुणी सांगत नाही.

एका दिवसावरून सवय ठरत नाही. आठवड्यातले दोन-तीन दिवस हवेत, त्यात एक सुट्टीचा आणि एक वाईट, म्हणजे दम जास्त असलेला. तीन दिवसांची लेखी नोंद ठेवायला सांगता येते, पण वही हातात आली की माणूस तेवढ्यापुरता शहाण्यासारखा जेवतो, आणि लिहायचा कंटाळा म्हणून कमीही खातो. घरात कुणाकडे मोबाइल असेल तर जेवणाआधी आणि जेवणानंतर ताटाचा फोटो हा माझ्या अनुभवात सर्वांत कमी त्रासाचा उपाय. दोन फोटोंमधला फरक म्हणजे पोटात गेलेलं अन्न.

हार्ट फेल्युअरमध्ये स्मरणशक्ती आणि लक्ष दोन्ही थोडी मंदावलेली असणं बरंच आढळतं. गप्पांत ते जाणवत नाही. माणूस आत्मविश्वासाने कालचं म्हणून परवाचं सांगतो. म्हणून जो स्वयंपाक करतो त्याच्याशी वेगळं बोला, शक्यतो दुसऱ्या खोलीत. दोघांना एकत्र बसवलं की एकतर जोडीदारच सगळी उत्तरं देतो, नाहीतर दोघांत जुना वाद पेटतो आणि तुम्ही पंच होऊन बसता. वेगवेगळं विचारलं की ‘मी मीठ घालतच नाही’ आणि ‘मी वरून घेतो, तिला सांगू नका’ अशी दोन्ही वाक्यं एकाच घरात ऐकायला मिळतात.

इथवर आलो की मीठ. ‘मीठ खाता का’ हा प्रश्न टाकाऊ आहे, त्याचं बरोबर उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं. त्याऐवजी परवानगी घेऊन स्वयंपाकघरात जा. मिठाचा पुडा बघा आणि विचारा, हा कधी फोडला? दोन माणसांच्या घरात एक किलो मीठ पन्नास दिवसांत संपत असेल तर माणशी रोज १० ग्रॅम झालं. सगळं पोटात जात नाही, उकळून ओतून दिलेल्या पाण्याबरोबर जातं, पाहुण्यांच्या ताटात जातं. तरीही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस ५ ग्रॅमपेक्षा कमी, आणि युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिओलॉजीच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत हार्ट फेल्युअरच्या रुग्णांनी ५ ग्रॅमच्या वर जाऊ नये असं म्हटलंय, त्याशेजारी हा आकडा ठेवला की घरच्यांना काही समजवावं लागत नाही. मात्र पुडा दोन वर्षं टिकला म्हणून निर्धास्त होऊ नका. तयार, डबाबंद, खारवलेले, पाकिटातले पदार्थ ज्या घरात जास्त, तिथे मीठ पुड्यातून येतच नाही. तिथे कचऱ्याची टोपली बघावी, कपाटापेक्षा ती खरं बोलते.

पाकिटावरचे आकडे वाचताना एक घोळ कायम होतो. कुठे सोडियम लिहिलेलं असतं, कुठे मीठ. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ. म्हणजे २ ग्रॅम सोडियम आणि ५ ग्रॅम मीठ ही एकच गोष्ट आहे, साधारण एक सपाट छोटा चमचा. ‘मला डॉक्टरांनी दोन ग्रॅम सांगितलंय’ असं म्हणून दोन ग्रॅम मीठ मोजून खाणारे मी पाहिलेत, आणि पाच ग्रॅम सोडियम चालतं असं समजणारेही. कोणता आकडा, कशाचा, हे लिहून द्या.

आणि औषधांचा डबा उघडा. एका बाईंचा आहार तीनदा तपासला, स्वयंपाक खरोखर अळणी होता, तरी सूज हटत नव्हती. चौथ्या खेपेला त्यांनी माझ्यादेखत पेल्यात गोळी टाकली, पाणी फसफसलं. गुडघ्यासाठी पाण्यात विरघळणारी पॅरासिटामॉल, दोन-दोन गोळ्या, दिवसातून तीनदा. अशा ५०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत साधारण ४०० मिलिग्रॅम सोडियम असतं. सहा गोळ्यांचे झाले २४०० मिलिग्रॅम, म्हणजे दिवसभराची मर्यादा नुसत्या पेल्यातच ओलांडली. गिळायची साधी गोळी दिली की हे सोडियम शून्यावर येतं. पचनासाठी खाण्याच्या सोड्याची पूड घेणाऱ्यांचंही तसंच. ‘खाण्याच्या सवयी’ या मथळ्याखाली आपण औषध विचारत नाही, आणि औषधांच्या मथळ्याखाली दुकानातून आणलेली साधी गोळी कुणी सांगत नाही. सूज उतरत नसेल तर दुखण्यावर दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालल्यात तेही बघा. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं.

‘कमी सोडियमचं मीठ’ घरात असेल तर तिथे थांबा. त्यात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असतं. स्पायरोनोलॅक्टोन, एसीई इन्हिबिटर किंवा त्यांच्या जातीची, शरीरात पोटॅशियम वाढवणारी हृदयाची औषधं चालू असताना, त्यात मूत्रपिंड अशक्त असताना, पोटॅशियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ही गोष्ट त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घालायची.

आता थोडं कडवट वाटेल असं. मीठ आणखी, आणखी कमी करण्यामागे किती लागायचं? २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये सोडियम-एचएफ नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. सहा देशांतले ८०६ रुग्ण. एका गटाला दिवसाला १५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियमचं लक्ष्य, दुसऱ्याला नेहमीचा सल्ला. वर्षभरानंतर मृत्यू, हृदयविकारासाठी रुग्णालयात भरती आणि तातडीच्या विभागातल्या फेऱ्या यांत एकत्रितपणे लक्षणीय फरक पडला नाही. जगण्याची प्रत किंचित सुधारली. पण हेही लक्षात घ्या की नेहमीच्या सल्ल्याचा गटसुद्धा २१०० च्या आसपासच खात होता. म्हणजे २१०० वरून १६०० ला आणल्याने फार काही हाती लागत नाही. रोज ४००० खाणाऱ्याला सोडून द्या, असं त्यातून निघत नाही. तपासणाऱ्याचं काम म्हणून बदलतं. ढिगाने मीठ खाणारा कोण ते शोधायचं, आणि आधीच बेताने खाणाऱ्याच्या मागे हात धुऊन लागायचं नाही.

यातच एक फसगत लपलेली आहे. समजा उजळणीत सोडियम १२०० मिलिग्रॅम निघालं. शाबास म्हणण्याआधी त्या दिवसाचे उष्मांक मोजा. ते ९०० असतील तर माणूस पथ्य पाळत नाहीये, उपाशी राहतोय. त्याच चवीचं जेवण तो भूक परतल्यावर १८०० उष्मांकांपर्यंत जेवला तर सोडियम २४०० वर जाईल. सवय बदललेली नाही, फक्त ताट अर्धं झालंय. म्हणून मी सोडियम नेहमी दर हजार उष्मांकांमागे लिहिते, आणि त्या शेजारी प्रथिनं. हार्ट फेल्युअर सोसायटी ऑफ अमेरिकाच्या २०१९ च्या निवेदनात झीज टाळण्यासाठी वजनाच्या दर किलोमागे किमान १.१ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. ६० किलोच्या माणसाला ६६ ग्रॅम. वजन धरताना सुजेचं पाणी वजा करून धरा, आणि मूत्रपिंडाचा आजार असेल तर आकडा डॉक्टरांबरोबर ठरवा. उजळणीत बहुतेकदा दिसतं ते असं, की सकाळी जवळजवळ काही नाही, दुपारी बरं, संध्याकाळी नुसतं पातळ काहीतरी. सकाळच का रिकामी? विचारलं तर उत्तर येतं, लघवीची गोळी घेतली की दोन तास संडासाच्या फेऱ्या, खायला बसणार कधी? गोळीची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारण्यासारखं असतं. बाहेर जायच्या दिवशी गोळीच टाळणारे आणि घोटभरही पाणी न पिणारेही याच प्रश्नातून सापडतात.

लघवीतल्या सोडियमबद्दलही कुणी ना कुणी विचारतंच. निरोगी माणसात खाल्लेल्या सोडियमपैकी साधारण ९० टक्के लघवीतून जातं, म्हणून चोवीस तासांची लघवी हा उत्तम पुरावा. पण ज्याच्या लघवीच्या गोळीचा डोस गेल्या आठवड्यात बदललाय त्याची लघवी खाण्याबद्दल कमी आणि गोळीबद्दल जास्त सांगते. प्रकृती आणि डोस स्थिर असतील तरच उपयोग, आणि घरी चोवीस तास न सांडता गोळा करणं किती जणांना जमतं हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

पाण्याचं थोडक्यात. डॉक्टरांनी मर्यादा घातली आहे का, आणि किती, हे आधी विचारा. अनेकांनी ती कुठे तरी ऐकून स्वतःच घातलेली असते. स्थिर रुग्णांमध्ये दिवसाला दीड लिटरची मर्यादा आणि मोकळीक यांची तुलना करणारी फ्रेश-अप ही चाचणी नेदरलँड्समध्ये झाली, ५०४ रुग्ण, निष्कर्ष २०२५ मध्ये आले. तब्येतीच्या गुणांत ठोस फरक नव्हता, मर्यादेच्या गटाला तहानेचा त्रास मात्र जास्त झाला. त्यामुळे ज्याला मर्यादा सांगितलेली नाही त्याच्या घोटाघोटाचा हिशेब मी मागत नाही. ज्याला आहे, विशेषतः रक्तातलं सोडियम उतरलंय म्हणून, त्याच्याकडे सूप, दूध, बर्फ, गोळ्यांबरोबरचं पाणी सगळं धरायचं. सकाळी एका बाटलीत दिवसाचं पाणी भरून ठेवायचं, इतर काही प्यायलं की तेवढं बाटलीतून ओतून टाकायचं. संध्याकाळी बाटलीच सांगते.

आणखी काही प्रश्न आहेत, ते घाईत सुटतात. उपास करता का? एसजीएलटी२ गटाची औषधं (मधुमेह आणि हार्ट फेल्युअर दोन्हींसाठी देतात ती) चालू असताना दिवसभर उपाशी राहिलं, उलट्या झाल्या किंवा पिष्टमय पदार्थ पूर्ण बंद केले तर साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साठू शकतं. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन चालू असेल तर हिरव्या पालेभाज्या आठवड्यागणिक साधारण सारख्याच ठेवता का? महिनाअखेरीस खायला कमी पडतं का? हा शेवटचा प्रश्न विचारायला जीभ अडखळते. मी ‘बऱ्याच घरांत असं होतं’ असं आधी म्हणते, मग विचारते. आणि सोबत कुणी असतं का जेवताना? ‘खावंसं वाटत नाही’ असं म्हणणाऱ्या एका विधुराला भूक होती. ताट वाढून घेऊन एकट्याने बसणं नको वाटत होतं. त्यावर कुठलीही आहारयोजना चालली नसती.

लगेच फोन करायच्या गोष्टी वेगळ्या लिहून ठेवा. तीन दिवसांत २ किलोहून जास्त वजन चढणं, डिगॉक्सिन चालू असताना मळमळ, उलट्या किंवा नजर पिवळसर होणं, दोन दिवस काहीच पोटात न टिकणं, पोटॅशियमचं मीठ सापडणं. यासाठी पुढच्या भेटीची वाट पाहू नका.

बाकीच्यांसाठी माझ्या नोंदवहीत दर भेटीला मोजक्याच ओळी असतात: सूज कुठवर, त्यासह वजन; भुकेचे गुण; कालच्या दिवसाचे उष्मांक, प्रथिनं आणि हजार उष्मांकांमागे सोडियम; आणि जेवणाच्या आड येणारी एकच गोष्ट, रुग्णाच्याच शब्दांत. ‘रात्री जड होतं.’ ‘गोळी घेतली की पळावं लागतं.’ ‘अळणी घास फिरतो तोंडात.’ पुढच्या भेटीत मी तेच वाक्य वाचून दाखवते आणि विचारते, अजून तसंच आहे का? रुग्णालयातून नुकतंच घरी आलेल्या माणसाकडे ही दुसरी भेट आठवड्याच्या आत व्हावी, स्थिर असलेल्याकडे महिन्याने चालते. घड्याळवाल्या गृहस्थांच्या वहीत आम्ही वजनाशेजारी दोन रकाने वाढवले, एक घोट्याच्या घेराचा आणि एक दंडाच्या. सुटलेल्या रात्रीच्या जेवणाच्या जागी तीन लहान खाणी ठेवली, लघवीच्या गोळीचा डोस डॉक्टरांनी वाढवला. पहिल्या दोन आठवड्यांत वजन चार किलोंनी उतरलं, आणि ते घाबरले. दंडाचा रकाना जागचा हलला नव्हता, म्हणून मी नाही घाबरले.